अवतरणचिन्हं

जिन्याखालच्या कपाटात, काकडीच्या बरण्यांमागे
पडदा फुटलेला एक लॅपटॉप झाकण मिटून बसलाय.
तोच आमचा सर्व्हर.
हिइउमा बेटावरच्या या घरात
त्याच्याइतकं जागरण कुणी करत नाही.
म्हणजे, आई सोडून.

उद्याचे विजेचे भाव आदल्या दुपारी येतात, तासातासाचे.
माझी अकरा ओळींची स्क्रिप्ट ते वाचते
आणि सगळ्यात स्वस्त तासाला पाण्याची टाकी तापवते.
वारा असला की तो तास पहाटे तीनचा.
म्हणून वाऱ्याच्या रात्री आई तीनला उठून अंघोळ करते.
अगं, पाणी सकाळपर्यंत गरम राहतं, मी सांगते.
ती म्हणते, यंत्र उठलं,
मग मी कशाला लोळत पडू?

बाकीच्या स्क्रिप्टा लहान आहेत, नावंही घरगुती.
'झाडू' नको असलेलं पुसते.
'रात्र' तीन वाजून दहा मिनिटांनी
सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवते.
'कात्री' आईच्या रेकॉर्डिंगमधली
दोन सेकंदांहून लांब शांतता कापून टाकते.
जागा कमी आहे,
आणि आई बोलताना फार थांबते.

एक्केचाळीस फायली होत्या. फोल्डरचं नाव: आई.
शेजारीच दुसरं, केकच्या फोटोंचं: आई वाढदिवस.
फोटो मी हलवले होते, रिकामं खोकं झाडूला सांगितलं.
दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा होती.
माणसाला ती श्वासाएवढी वाटते,
यंत्राला वाटलं, दोन नावं आहेत.
त्यानं आधी 'आई' पुसली.
मग 'वाढदिवस' शोधत हिंडलं
आणि अदबीनं लिहून ठेवलं:
या नावाचं काही सापडलं नाही.

तीन दहाला 'रात्र' आली.
तिनंही इमानेइतबारे
ते नसणं जसंच्या तसं उतरवून घेतलं.

तार्तूत आर्वोला फोन केला.
हे सगळं मला त्यानंच शिकवलेलं.
बराच वेळ तो काही बोलला नाही. मग विचारलं,
नावाभोवती अवतरणचिन्हं टाकली होतीस?

आई अंगणात मासे धुरीला टांगत होती.
सांगितलं तिला.
"म्हणजे पुसलीस मला?"
हसता हसता तिचा हात आकड्याला लागला, बोट चोखत म्हणाली,
"परत सांगते. तसंही पहिल्यांदा नीट सांगितलं नव्हतं."

पहिल्यांदा तिच्या बापाची होडी करडी होती,
आता हिरवी आहे.
पहिल्यांदा किनाऱ्याला कुंपण होतं,
आणि रोज संध्याकाळी एक सैनिक
दंताळ्यानं वाळू विंचरायचा,
रात्री कुणाची पावलं समुद्राकडे गेली तर
सकाळी दिसावीत म्हणून.
एवढंच होतं, आणि पुढे बटाट्यांची गोष्ट.

या खेपेला सैनिकाला नाव आहे. होव्हिक.
डोंगरातला कुठलासा मुलगा,
समुद्र त्यानं इथेच पहिल्यांदा पाहिला.
वाळू विंचरताना तो गाणं म्हणायचा, ती म्हणाली,
आणि थांबली.

पडद्यावर तो थांबा मोजता येतो.
एकोणीस सेकंद.
आवाजाची रेघ सपाट,
दंताळं नुकतं फिरून गेल्यासारखी.
मध्ये कुठेतरी चमचा खाली ठेवल्याचा बारीक ठिपका.
मग बटाटे.

नवं फोल्डर अवतरणचिन्हांत आहे,
आणि 'कात्री'तल्या एका ओळीपुढे हॅश.
ओळ पुसलेली नाही.
यंत्र तिच्यापाशी येतं
आणि काही न बोलता पुढे जातं.

डिस्क नव्वद टक्के भरली,
असं पत्र आता रोज सकाळी येतं.
तेही माझ्याच एका स्क्रिप्टचं.
मी उघडत नाही.